इंडिकेटरची नाडी

हेडलाइट गेला तर चालवणाऱ्याला लगेच कळते, रस्ताच दिसेनासा होतो. हॉर्न गेला तर पहिल्याच चौकात कळते. मागचा इंडिकेटर गेला तर मात्र ते सगळ्यांत शेवटी कळते गाडीच्या मालकाला. तो आपला स्टिअरिंगखालची दांडी ढकलतो, डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लुकलुकतो, कानावर टिकटिक येते आणि इशारा दिल्याच्या समाधानात तो वळतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसलेले असते ते एवढेच, की पुढची फियाट एकाएकी उजवीकडे घुसली.

गाडीच्या पाठीवरचे दिवे चालवणाऱ्याच्या स्वतःच्या काहीच उपयोगाचे नसतात. ते दुसऱ्यासाठी लावलेले असतात, आणि म्हणूनच त्यांची हेळसांड होते. जुन्या गाडीत तर फारच. इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला की मालक कासावीस होतो, रंगावर ओरखडा उठला तर त्याला रात्री झोप येत नाही. पण ‘उजवा इंडिकेटर कधी कधी लागत नाही’ हे वाक्य तो वर्षभर हसत हसत सांगत फिरतो.

आता ज्यांना हौसेने ‘क्लासिक’ म्हणतात, त्या गाड्या मराठी घरांत कालपरवापर्यंत रोजच्या वापरातल्या होत्या. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो छापून आले होते. पण इंदूर, बडोदा, हैदराबाद, पुणे, नागपूर अशा गावांत आजोबांची म्हणून जपलेली फियाट किंवा अँबॅसडर अजूनही पुष्कळ घरांच्या पडवीत उभी आहे. रविवारी ती बाहेर निघते, दसऱ्याला झेंडूची माळ घालून घेते, नातवाच्या लग्नात नवरदेवाला मिरवते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत वेगळ्या नोंदणीची सोय केली आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळू लागली, तेव्हापासून तर या हौसेला सरकारी मानही मिळाला आहे.

अडचण अशी, की आठवड्यातून एकदा निघणारी गाडी वापराने झिजत नाही, ती न वापरल्याने बिघडते. रोज शंभर वेळा दाबल्या जाणाऱ्या स्विचचे काँटॅक्ट आपोआप घासून स्वच्छ राहतात. महिनाभर न दाबलेल्या स्विचवर काळा थर चढतो. त्यातून ही गाडी घेऊन नव्या वर्कशॉपमध्ये जावे, तर तिथला मुलगा संगणकाची वायर कुठे खुपसायची ते शोधू लागतो आणि तसे भोकच गाडीत नाही म्हटल्यावर गोंधळतो. ज्यांना ही वायरिंग तोंडपाठ होती, ते मेस्त्री आता सत्तरीला आले आहेत. तेव्हा घरातल्या कुणीतरी ती शिकून घेतलेली बरी. मुलगा किंवा मुलगी, दहावीचे विज्ञान झालेले कुणीही चालेल.

एक वायर जाते, दुसरी कुठे आहे?

इंडिकेटरच्या विजेची वाट फार लांब नाही. बॅटरीतून ती किल्लीच्या स्विचकडे येते, तिथून फ्यूजमधून फ्लॅशरमध्ये, फ्लॅशरमधून स्टिअरिंगवरच्या दांडीत. दांडी डावीकडे असेल तर डावीकडच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बल्बांकडे, उजवीकडे असेल तर उजव्या दोघांकडे. एवढीच यात्रा. ही वाट एका कागदावर काढून समोर ठेवली की निम्मे काम झाले, कारण बिघाड या वाटेवरच्याच कुठल्या तरी मुक्कामावर असतो.

पण परतीचे काय? घरातल्या प्रत्येक दिव्याला दोन वायरी असतात. गाडीत बहुतेक दिव्यांना एकच. परत जाण्याची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याची लोखंडी बैठक स्क्रूने पत्र्यावर आवळलेली असते, त्या स्क्रूतून वीज पत्र्यात उतरते आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला पोचते. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. नव्या गाडीत हे झकास चालते. चाळीस पावसाळे पाहिलेल्या गाडीत त्या स्क्रूखाली गंज असतो, गंजावर रंग असतो, रंगावर दुसरा रंग असतो. रंगातून वीज जात नाही. हौसेने सगळी गाडी नव्याने रंगवून आणली आणि इंडिकेटरने मान टाकली, ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते. मालक पेंटरवर चिडतो, पेंटर म्हणतो मी वायरीला हात लावला नाही, आणि दोघांचेही खरे असते. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडच्या खाऱ्या हवेत तर रंगसुद्धा लावावा लागत नाही. हवा आपले काम करते.

अर्थ गेल्याची खूण ओळखायला सोपी आहे. उजवा इंडिकेटर लावला की त्याच घरातला लाल टेललाइटही मंदसा लुकलुकू लागतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मरगळतो. एका दिव्याने दुसऱ्याच्या तालावर नाचायचे काही कारण नसते. परतीची वाट बंद झालेली वीज शेजारच्या तारेतून उलटी शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून आपली सुटका करून घेते, म्हणून हा चमत्कार दिसतो. असे दिसल्यावर नवा बल्ब, नवा फ्लॅशर, नवा स्विच यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

पडताळा घ्यायला हातभर लांबीची एक वायर पुरत नाही, गाडीच्या लांबीची लागते. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे त्या दिव्याच्या लोखंडी बैठकीला टेकवावे. दिवा लख्ख पेटला तर दोषी सापडला. मग दिवा सोडवून स्क्रूखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालावा, आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा, म्हणजे पाणी शिरत नाही. व्हॅसलीन आवळल्यावर लावायचे, आधी नव्हे. याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक दिव्याच्या बैठकीपासून एक वेगळी काळी वायर काढून ती डिकीतल्या एका चांगल्या बोल्टला थिंबल लावून कसणे. पत्र्याच्या भरवशावर राहायचे मग कारणच उरत नाही.

ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे त्याने दिवा पेटलेला असताना दिव्याची बैठक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजावेत. तिथे जवळजवळ शून्य हवे. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थ आजारी आहे. हे अर्धे-एक व्होल्ट क्षुल्लक वाटतात, पण बल्बाचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, धाडकन कमी होतो. बारा व्होल्टचा बल्ब नऊ व्होल्टवर निम्माही उजेड देत नाही. भर दुपारी, उन्हात, पिवळट पडलेल्या काचेमागे तो लागला काय नि न लागला काय, सारखेच.

लय ऐकावी, मग हात लावावा

वैद्य नाडी बघतो तसे इथे फ्लॅशरची टिकटिक ऐकायची असते. फ्लॅशर म्हणजे डॅशबोर्डाखाली लपलेली, काडेपेटीहून लहान अशी डबी. जुन्या गाड्यांतला फ्लॅशर उष्णतेवर चालतो. त्यातून बल्बांचा करंट वाहू लागला की आतली धातूची पट्टी किंवा तार तापते, आकार बदलते आणि काँटॅक्ट उघडतो किंवा मिटतो. गार झाली की पूर्ववत होते. तापणे आणि निवणे, हीच ती टिकटिक. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे हे योग्य प्रमाण मानले जाते.

यातली गंमत अशी, की लय करंटवर अवलंबून असल्यामुळे डबी आपोआप चुगली करते. २१ वॉटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपियर घेतात. एक बल्ब गेला की करंट निम्मा होतो आणि पट्टी पुरेशी तापत नाही. मग जुन्या फ्लॅशरमध्ये उरलेला बल्ब न लुकलुकता नुसताच जळत राहतो किंवा त्याची लय बिघडते. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये मुद्दाम अशी योजना असते, की एक बल्ब गेला तर टिकटिक दुप्पट वेगाने व्हावी. डावीकडे लय बरोबर आणि उजवीकडे बिघडलेली असेल, तर फ्लॅशर निर्दोष आहे हे न उघडता सांगता येते, कारण डबी दोन्ही बाजूंना एकच आहे. दोष उजवीकडच्या बल्बात, होल्डरात किंवा अर्थमध्ये. तरीही बाजारात सगळ्यांत आधी विकत घेतली जाते ती नवी डबीच.

दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर मात्र संशय डबीवर किंवा तिच्या आधीच्या वाटेवर घ्यावा. आधी फ्यूज. अँबॅसडरसारख्या, लुकास पद्धतीने वायरिंग केलेल्या गाड्यांत किल्लीनंतरच्या एकाच फ्यूजवर बराच परिवार पोसलेला असतो. इंडिकेटरबरोबर वायपर आणि पेट्रोलचा काटाही बसला असेल तर शोधाशोध फ्यूजपाशीच थांबते. काचेचा फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसतो, पण त्याची टोपणे आणि पकडणारे चिमटे हिरवे पडलेले असतात. चिनी मातीच्या अंगावर पट्टी असलेले फ्यूज असतील तर ते नुसते बोटांनी जागच्या जागी फिरवावेत. अर्ध्या गाड्या एवढ्यावर बऱ्या होतात.

फ्यूज चांगला असेल तर डबीची परीक्षा घ्यावी. किल्ली चालू, दांडी एका बाजूला, आणि डबीच्या वीज येणाऱ्या व जाणाऱ्या टोकांना वायरच्या छोट्या तुकड्याने जोडावे. ब्रिटिश पद्धतीच्या डबीवर या टोकांना ‘बी’ आणि ‘एल’ अशी अक्षरे असतात, जर्मन पद्धतीच्या डबीवर ४९ आणि ४९ए. दिवे स्थिर पेटले तर वाट सगळी ठीक, डबी मेलेली. पेटले नाहीत तर डबीला दोष देऊ नये. ‘पी’ किंवा ३१ लिहिलेल्या तिसऱ्या टोकाला या प्रयोगात हात लावायचा नाही. ‘पी’ हे डॅशबोर्डवरच्या दिव्याचे टोक, तर ३१ म्हणजे अर्थ; तिथे वीज जोडली की ठिणगीच उडायची. नवी डबी बसवतानाही नेमका हाच घोटाळा होतो. तीन टोकांची जुनी डबी काढून तीन टोकांची नवी बसवली, पण एकीचे तिसरे टोक दिव्याचे आणि दुसरीचे अर्थचे, हे कुणी वाचलेच नाही.

आणखी एक सावधगिरी फार जुन्या गाड्यांसाठी. डायनॅमोच्या जमान्यातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेले असे. तापणाऱ्या पट्टीच्या डबीला याचे सोयरसुतक नसते, पण इलेक्ट्रॉनिक डबी अशा गाडीत बसवली की पहिल्या क्षणी जळते. काही गाड्या तर बारा नव्हे, सहा व्होल्टच्या, जशी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची फोक्सवॅगन बीटल. तितकाच उजेड पाडायला तिथे करंट दुप्पट लागतो, म्हणून तिच्यात गंजलेला अर्थ दुप्पट छळतो. त्याहून मागे गेले तर इंडिकेटरच नसतात. दाराशेजारच्या खाचेतून बाहेर पडणारे छोटे नारिंगी ‘हात’ असतात, बेबी हिंदुस्तान म्हणून ओळखल्या गेलेल्या मॉरिस मायनरसारखे. लुकलुकणारे दिवे कारखान्यातून देण्याची सुरुवात अमेरिकेत ब्युइकने १९३९ च्या मॉडेलपासून केली. जुन्या अमेरिकन गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर यांना बहुधा एकच लाल बल्ब असतो आणि ब्रेकची वीजसुद्धा इंडिकेटरच्या दांडीतूनच मागे जाते. अशा गाडीचा एका बाजूचा ब्रेकलाइट लागत नसेल तर पॅडलखाली शोधत बसू नये, दांडी उघडावी.

दांडीतला स्विच हा वाटेवरचा सगळ्यांत कष्टाळू मुक्काम. स्टिअरिंग सरळ झाले की इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी इथेच झिजते, आणि स्टिअरिंगच्या नळीतून उतरणाऱ्या वायरी इथेच वाकून वाकून आतून तुटतात. दांडी किंचित वर उचलून धरली की इंडिकेटर लागतो आणि सोडली की जातो, हे या दुखण्याचे लक्षण. काँटॅक्ट साफ करायचे फवाऱ्याचे डबे बाजारात मिळतात, त्याने आणि मऊ ब्रशने बऱ्याचदा भागते.

उरला तो मागे जाणारा वायरींचा जुडगा. पुष्कळ गाड्यांत तो दाराच्या उंबऱ्यालगत, चटईखालून डिकीत जातो. चटईखाली पाणी मुरते. डिकीत उंदीर येतो. या देशातल्या गाड्यांच्या वायरिंगचा सगळ्यांत मोठा शत्रू कुठला यावर मेस्त्रीमंडळींत एकमत आहे, आणि तो गंज नव्हे. पडवीत उभ्या असलेल्या गाडीत शेंगदाण्याची टरफले सापडली तर इंडिकेटर तपासायला वेगळे कारण लागत नाही. कुरतडलेली वायर नुसती पिळून काळी टेप गुंडाळणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याची सोय करून ठेवणे. टोके स्वच्छ करून डाख द्यावा आणि वर रबरी नळी ओढावी. वायरीला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे एक टोक सोडवायचे, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगितलेले बरे.

लाल त्रिकोणाचे बटण

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे हॅझार्डचे बटण, ज्याला आपल्याकडे बरेच जण ‘पार्किंग लाइट’ म्हणतात, ते जुन्या गाडीत असेल तर बिघाड शोधण्याचे त्याच्याइतके चांगले साधन नाही. हॅझार्डची वीज किल्लीतून येत नाही, सरळ बॅटरीकडून येते. पण शेवटच्या टप्प्यात बल्ब तेच, वायरी त्याच आणि अर्थही तोच. म्हणून हॅझार्ड लावून पाहिले आणि चारही दिवे झकास लागले, तर बल्ब, होल्डर, अर्थ आणि मागे जाणाऱ्या वायरी एका फटक्यात संशयातून मुक्त होतात. मग दोष पुढच्या बाजूला, म्हणजे किल्लीनंतरचा फ्यूज, फ्लॅशर आणि दांडी यांच्यात उरतो. उलट हॅझार्डमध्येही डावीकडचा मागचा दिवा रुसलेला असेल तर डॅशबोर्ड उघडण्याची गरजच नाही, डिकी उघडावी.

आणि एक जागा अशी आहे, जिथे भले भले चकतात. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरला जाणारी वीज हॅझार्डच्या बटणातूनच नेलेली असते. हॅझार्ड चालू केले की तिचा मार्ग तोडता यावा, दोन्ही वाटांची वीज एकमेकींत मिसळू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे बटण बंद असते तेव्हाही त्याच्या पोटातला एक काँटॅक्ट इंडिकेटरसाठी वीज वाहत असतो. हे बटण वर्षानुवर्षे कुणी दाबत नाही, काँटॅक्ट काळा पडतो आणि एके दिवशी दोन्ही इंडिकेटर बंद. फ्यूज चांगला, डबी नवी, दांडी साफ, तरी काही नाही. अशा वेळी हॅझार्डचे बटण भराभर पंधरा-वीस वेळा दाबावे. पुष्कळदा इंडिकेटर तिथेच जिवंत होतो, आणि तीन मेस्त्रींकडे फिरून आलेला मालक खजील होतो. इलाज तात्पुरता असला तरी दोष कुठे आहे ते नक्की कळते.

१९५० आणि १९६० च्या दशकांतल्या बहुतेक गाड्यांना हे बटण कारखान्यातून मिळालेलेच नाही. रात्री खंबाटकी किंवा कसारा घाटात, मागून ओझ्याचे ट्रक येत असताना, अशी गाडी बंद पडली तर तिच्याजवळ सांगायला काही नसते. म्हणून हॅझार्ड नव्याने बसवून घेणे हा जुन्या गाडीवरचा सगळ्यांत शहाणपणाचा खर्च आहे. अलॉय व्हील नंतर. मात्र ते नीट बसवायला हवे. गल्लीत सर्रास होते ते असे, की डाव्या-उजव्या वायरी एकत्र पिळून एका साध्या स्विचला जोडल्या जातात. मग हॅझार्ड लागते खरे, पण डावा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकतात. डावी आणि उजवी बाजू स्विच बंद असताना एकमेकींपासून अलग राहिलीच पाहिजे, म्हणून डबल पोल स्विच हवा, म्हणजे एकाच कळीने दोन वेगळ्या वायरी जोडणारा. चार बल्ब मिळून ८४ वॉट, म्हणजे सात अँपियर. दोन बल्बांसाठी केलेली जुनी डबी हे ओझे नीट पेलत नाही, म्हणून हॅझार्डला स्वतःची जड डबी द्यावी. वीज बॅटरीकडून, किल्लीच्या आधी, स्वतःच्या १५ अँपियरच्या फ्यूजमधून घ्यावी आणि वायर दीड चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी. किल्लीनंतर वीज घेतली तर किल्ली खिशात टाकून मदत शोधायला गेलेल्या माणसाच्या मागे गाडी अंधारात उभी राहते. स्विचसाठी डॅशबोर्डला भोक पाडू नये. खाली छोटी पट्टी लावून तिच्यावर बसवावा.

फ्यूज मात्र फ्यूजच असावा. तो वारंवार जातो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे मेस्त्री आजही आहेत. जुन्या गाडीच्या वायरींवर कापड आणि वाळून तडकलेले रबर असते. कुठेतरी शॉर्ट झाला की चांदी वितळत नाही, वायर तापते, आणि तिला लागून चटई, लाकूड नि पेट्रोलची नळी असते. फ्यूज गेला तर तो का गेला ते शोधायचे. उंदराने सोललेली वायर पत्र्याला टेकली असेल, होल्डरात पाणी असेल. दुसऱ्यांदा गेला तर शोधून संपेपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

हल्ली पुष्कळजण जुन्या दिव्यांत एलईडीचे बल्ब घालतात. उजेड वाढतो, करंट फारच कमी लागतो, आणि नेमक्या त्यामुळेच तापणारी डबी तापत नाही, म्हणून इंडिकेटर लुकलुकत नाही. मग इलेक्ट्रॉनिक डबी लागते. तीही बसवली आणि तरी डावा इंडिकेटर दिल्यावर उजवाही मिणमिणतो, अशी नवीच तक्रार येते. याचे मूळ डॅशबोर्डवर आहे. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा असतो आणि तो डाव्या व उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडे वीज आली की ती या दिव्यातून उजवीकडच्या बल्बांत जाते आणि त्यांच्या तारेतून अर्थला पोचते. तेवढ्याशा करंटने साधा बल्ब पेटत नाही, पण एलईडीला तेवढा पुरतो. खुणेच्या दिव्याचे एक टोक अर्थला जोडून दोन्ही बाजूंकडून त्याला एकेक डायोड दिला की प्रश्न मिटतो. साध्या बल्बांच्या अशाच गाडीत हॅझार्ड लावल्यावर खुणेचा दिवा पेटत नाही, कारण दोन्ही टोकांना सारखीच वीज येते. तो बिघाड नाही.

हॅझार्ड बसले की ते कधी लावायचे हाही प्रश्न येतो. चौकातून सरळ जायचे आहे म्हणून चारही दिवे लावणारी एक मोठी जमात रस्त्यावर आहे. शेजारून येणाऱ्याला अर्धी गाडी दिसते, एकच दिवा लुकलुकताना दिसतो आणि तो समजतो, हा वळणार. धो धो पावसात, बोगद्यात, चालत्या गाडीला हॅझार्ड लावणारे तर स्वतःचा इंडिकेटरच गमावून बसतात. लेन बदलायची असेल तर सांगायचे कशाने? ते बटण उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहे. तिथेही त्याच्यावर फार विसंबता येत नाही. चालू-बंद धरून सरासरी साडेतीन अँपियर जातात, तेव्हा जुनी बॅटरी रात्र काढेलच असे नाही. डिकीत परावर्तक त्रिकोण असावा आणि तो गाडीच्या बुडाशी नव्हे, पन्नासेक मीटर मागे ठेवावा.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढावीच लागली तर दिवसाउजेडी काढावी आणि हात वापरावा. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा बाहेर, डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल. जुन्या चालकांना हे इशारे अजून येतात. नव्या पिढीतल्या मागच्या गाडीवाल्याला मात्र तो हात म्हणजे कुणीतरी रुमाल वाळवतो आहे असे वाटण्याचा संभव आहे, एवढे लक्षात ठेवावे.

काम पुरे झाल्यावर किल्ली चालू करून एकाने आत बसावे, दुसऱ्याने गाडीभोवती फिरावे. डावा, उजवा, हॅझार्ड. मग हेच पुन्हा टेललाइट लावून आणि ब्रेक दाबून, कारण आजारी अर्थ एकट्या दिव्याला चालवून घेतो आणि तीन दिवे एकदम आले की उघडा पडतो. लुकासच्या मूळ वायरिंगमध्ये हिरव्या वायरीवर लाल रेघ म्हणजे डावी बाजू आणि पांढरी रेघ म्हणजे उजवी. पण चाळीस वर्षांत प्रत्येक मेस्त्रीने त्या दिवशी हाताशी होती ती वायर लावलेली असते, त्यामुळे रंगांवर जाऊ नये. नवी जोडलेली प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते चिकटपट्टीवर लिहून तिच्या दोन्ही टोकांना लावावे आणि सगळा आराखडा कागदावर काढून, तारीख घालून, गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवून द्यावा.